आम्ही की आपण? : नारा, क्योतो आणि हिरोशिमाची एक पायी फेरी

मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी दोघातिघांनी सुचवलं होतं की जपानच्या फेरीबद्दल एकदा नीट बोला; फोटो दाखवू नका, नुसतं बोला. आम्हांला हे सोयीचंच आहे, कारण आमच्या बहुतेक फोटोंत कुणाचा तरी अंगठा आलेला आहे. तेव्हा आज आपण खुर्चीत बसून चालू या.

२०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही चौदा जण गेलो होतो. सगळे निवृत्त. दोन मुख्याध्यापिका, एक बँकेतले, एक वर्ध्याचे खादीवाले, पाटबंधारे खात्यातले एक इंजिनिअर, आणि उरलेले आमच्यासारखे, म्हणजे आयुष्यभर खडू घासलेले. 'पूर्वरंग' वाचून जपान डोक्यात बसलेली ही पिढी. प्रत्यक्ष जायला पन्नास वर्षं लागली, तोवर गुडघे गेले. तरी एक नियम केला होता : एका शहरातून दुसऱ्या शहरात रेल्वेने जायचं, पण शहरात शक्यतो पायी. प्रत्येक ठिकाणी तिथला एखादा वाटाड्या बरोबर.

निघण्याआधी थोडं व्याकरण. कंटाळू नका, पुढे त्याचं काम आहे. प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी मराठीत दोन शब्द आहेत, 'आम्ही' आणि 'आपण'. हिंदीवाला 'हम' म्हणून मोकळा होतो, इंग्रजीतही एकाच शब्दावर भागतं. आपलं तसं नाही. दारात पाहुणा उभा आहे आणि घरातलं कुणी म्हणालं, 'आम्ही जेवायला बसतोय', तर पाहुण्याने चप्पल घालायची. 'आपण जेवायला बसतोय' म्हटलं, तर हातपाय धुवायचे. एवढा फरक. ऐकणारा त्या 'आम्ही'त आहे की बाहेर, हे मराठी माणसाला प्रत्येक वाक्यात ठरवावंच लागतं. जपानी भाषेत असं ठरवावं लागत नाही. तिथे तर बऱ्याचदा कर्ताच गाळतात.

आता नारा.

तोदाइ-जी मंदिराच्या वाटेवर हरणं अंगावर येतात. त्यांना द्यायची बिस्किटं विकत मिळतात, पण हरणांना कागदही चालतो. आमच्या इंजिनिअरसाहेबांच्या हातातला नकाशा एका हरणाने अर्धा खाल्ला, त्यामुळे पुढची फेरी उरलेल्या अर्ध्यावर झाली. आत महाबुद्ध. कांस्याची बैठी मूर्ती, उंची सुमारे १५ मीटर. मान वर करून बघता बघता आमच्यातल्या एका बाईंनी विचारलं, "हा हसतोय का?" सगळ्यांनी पुन्हा पाहिलं. नाही, हसत नाही. गंभीर आहे; थोडा दमलेलाही वाटला. हा प्रश्न लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

ही मूर्ती का झाली? ७३५ ते ७३७ या काळात जपानात देवीची भयंकर साथ आली होती. माणसं किड्यामुंगीसारखी मेली, दरबारातले मोठे मोठे गेले. त्याआधी दुष्काळ, नंतर बंड. ७४३ मध्ये सम्राट शोमूने या बुद्धाचा संकल्प सोडला. त्याची आज्ञा फार विलक्षण आहे. देशाची संपत्ती आणि सत्ता माझ्याच हातात आहे, असं तो आधी स्पष्ट सांगतो. आणि मग म्हणतो की ज्याच्याजवळ गवताची एक काडी किंवा मूठभर माती आहे, त्यालाही या कामात हात लावायचा असेल तर लावू द्या. म्हणजे 'आम्ही' म्हणून सुरू झालेली आज्ञा चार ओळींत 'आपण'वर आली! लोकांत फिरून मदत उभी करायला त्याने ग्योकी नावाच्या भिक्षूला बरोबर घेतलं. याच ग्योकीवर आधी सरकारनेच बंधनं घातली होती, कारण तो परवानगीशिवाय गावोगाव उपदेश करत असे.

७५२ मध्ये मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी झाला. तो कुणी केला? बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने. चीनमार्गे ७३६ मध्ये तो जपानात पोचला होता. त्याच्या हातात मोठा कुंचला होता आणि त्या कुंचल्याला लांबच लांब दोरी बांधली होती. जमलेल्यांनी ती दोरी धरली. डोळे रेखणारा हात एकाचा, पण पुण्य सगळ्यांचं. ही दोरी आजही जवळच्या शोसोइन भांडारात जपून ठेवलेली आहे. आमच्या वाटाड्याने हे सांगितलं तेव्हा आम्ही अगदी भारावलो. नंतर बाहेर बाकावर बसल्यावर शंका आली : दोरी कुणाच्या हातात होती? भिक्षूंच्या, दरबाऱ्यांच्या. मूठभर माती घेऊन आलेल्यापर्यंत ती पोचली असेल असं आम्हांला वाटत नाही. 'आपण'ची दोरी नेहमी थोडी आखूड पडते.

ही वास्तू दोनदा जळली, आणि दोन्ही वेळा जळली ती माणसांच्या लढाईत. ११८० मध्ये ताइरा घराण्याच्या फौजेने, १५६७ मध्ये सरदारांच्या भांडणात. दुसऱ्या खेपेनंतर बुद्धाने बराच काळ उन्हापावसात काढला. डोकं दुरुस्त होऊन १६९२ मध्ये पुन्हा डोळे उघडले, आणि आज दिसतो तो सभामंडप १७०९ चा. मूळच्यापेक्षा तो बराच अरुंद आहे, पैसे पुरले नाहीत. म्हणजे तोदाइ-जी बाराशे वर्षं 'उभं' आहे म्हणायचं, पण त्यातलं आठव्या शतकाचं फार थोडं उरलंय. कमळाच्या काही पाकळ्या मात्र मूळच्या आहेत.

नाराहून क्योतो जवळ आहे, रेल्वेने पाऊण तास. क्योतोत लोक सुवर्णमंदिर बघतात. आम्हीही पाहिलं, सुंदर आहे, आणि १९५० मध्ये एका तरुण भिक्षूने जाळल्यानंतर १९५५ मध्ये पुन्हा बांधलेलं आहे. एवढं पुरे. आम्हांला बोलायचंय ते स्टेशनच्या दक्षिणेकडच्या तो-जीबद्दल आणि तिथून पंधरावीस मिनिटं चालल्यावर लागणाऱ्या एका जागेबद्दल.

तो-जी हे कूकाई या आचार्याकडे ८२३ मध्ये सोपवलेलं मंदिर. त्याचा पाच मजली लाकडी मनोरा सुमारे ५५ मीटर उंच, आजचा १६४४ चा. त्याच्या व्याख्यानगृहात एकवीस मूर्तींचं मंडल आहे. आत अंधार असतो. डोळे सरावल्यावर आमच्या मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या, "अहो, हा तर आपला इंद्र!" खरंच इंद्र, हत्तीवर बसलेला. जपानीत तो ताइशाकुतेन. पलीकडे चार तोंडांचा ब्रह्मदेव, हंसांवर. आपण काशीपंढरीला ज्यांना फारसं विचारत नाही, ते देव तिथे हजार-बाराशे वर्षं नोकरी टिकवून आहेत. आम्हांला फार आपलेपणा वाटला. बाहेर पडताना सगळ्यांच्या तोंडी 'आपलं' हाच शब्द होता.

आणि त्याच भरात आम्ही रेल्वेचे रूळ ओलांडून उमेकोजीला पोचलो. तिथे रेल्वेचं मोठं संग्रहालय आहे. मधोमध १९१४ ची, पंख्यासारख्या आकाराची इंजिनांची शेड. आत वाफेची जुनी इंजिनं काळी कुळकुळीत उभी. शाळकरी मुलांचा नुसता कल्ला. आमचे बँकवाले वैतागले, "मंदिरांच्या फेरीत हे कुठे आणलंत?" आणायचं कारण होतं. हा अर्धगोल आकार विमानातून स्पष्ट दिसतो. क्योतोवर अणुबाँब टाकायचा झाला तर नेम धरायचा तो इथे, असं ठरलं होतं.

हे जरा नीट समजून घेऊ. मे १९४५ मध्ये अमेरिकेत लक्ष्यनिवड समिती बसली तेव्हा तिच्या यादीत क्योतो अगदी वर होतं. मोठं शहर, फारसं बाँबिंग न झालेलं, म्हणजे नव्या अस्त्राचा परिणाम स्वच्छ मोजता येईल. युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी ते नाव खोडलं. लष्कराने पुन्हा घातलं, त्यांनी पुन्हा खोडलं आणि अखेर राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्याकडून शिक्कामोर्तब करून घेतलं. स्टिमसन यांनी क्योतो पाहिलेलं होतं. पण त्यांच्या रोजनिशीत जुलै अखेरीला जे कारण येतं ते कलेचं नाही : असं शहर नष्ट केलं तर जपानी माणूस युद्धानंतर इतका कडवट होईल की तो रशियाकडे झुकेल. मंदिरं वाचली ती मुत्सद्देगिरीने. 'सुसंस्कृत अमेरिकेने संस्कृती वाचवली' ही नंतर पसरलेली गोष्ट गोड आहे, खरी नाही. आणि क्योतो पुरतं वाचलं असंही नाही. जानेवारी १९४५ मध्ये उमामाची आणि जूनमध्ये निशिजिन या वस्त्यांवर साधे बाँब पडून माणसं मेलीच.

क्योतो यादीतून गेलं, आणि अखेरच्या आदेशात जी चार नावं राहिली त्यांत एक नवं होतं. नागासाकी.

आम्ही त्या शेडच्या कठड्याशी उभे होतो. एक इंजिन मुलांना बसवून थोडं अंतर पुढेमागे जातं, शिट्टी घालतं. मघाशी ज्या इंद्राला आम्ही 'आपला' म्हटलं तो इथून हाकेच्या अंतरावर. तो वाचला याचा आनंद आम्हांला मनापासून वाटत होता. आणि तो वाटायचा तर कुठेतरी, आम्ही न पाहिलेल्या दुसऱ्या शहराच्या नावाची त्याला पावती फाडलेली होती. बँकवाले नंतर काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पूर्वेकडे चाललो. तोयोकुनी हे हिदेयोशीचं देवस्थान. हिदेयोशी म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपान एका छत्राखाली आणणारा सेनानी. देवळासमोरच्या रस्त्यावर, लहान मुलांच्या घसरगुंडीशेजारी, हिरवळीचा एक उंचवटा आहे आणि त्यावर दगडी स्तूप. नाव मिमिझुका, म्हणजे कानांची टेकडी. आत कान नाहीत, मुख्यतः नाकं आहेत. १५९२ ते १५९८ या काळात हिदेयोशीने कोरियावर दोनदा स्वारी केली. मारलेल्या शत्रूंची मोजदाद व्हावी म्हणून शिरं पाठवण्याची जुनी रीत; पण समुद्रापार शिरं नेणं अवघड, म्हणून नाकं कापून, मिठात घालून पिंपांतून पाठवली. हजारो. त्यांत लढणारे किती आणि शेतकरी-बायाबापडे किती, ते नाकावरून कळत नाही. १५९७ मध्ये ती इथे पुरली आणि भिक्षूंकडून मृतांसाठी रीतसर धर्मविधी केला.

वरचा दगडी स्तूप पाच भागांचा आहे : चौकोन, गोल, त्रिकोणी टोपी, अर्धचंद्र आणि कळी. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. आपलीच पंचमहाभूतं. पुन्हा 'आपलीच'! पण या वेळी शब्द तोंडातच राहिला. वाटाड्या म्हणाला, हिदेयोशीने शत्रूबद्दलही करुणा दाखवली असं पूर्वी सांगत असत. करुणा! ज्याने नाकं कापवली त्यानेच शांतिपाठ म्हणवला आणि हिशेब चुकता केला. आम्ही आयुष्यभर वर्गात करुणेच्या व्याख्या शिकवल्या, आणि मारणाऱ्याने मेलेल्याच्या वतीने 'आपण सारे एकच' म्हणणं याला काय म्हणतात, ते कधी शिकवलं नव्हतं. घसरगुंडीवर एक मुलगी पुन्हा पुन्हा घसरत होती. तिची आजी बाकावर विणत बसली होती.

तिथून उत्तरेला चढावावर रयोझेन गोकोकु हे देवस्थान, लढायांत मेलेल्या जपान्यांचं. तिथे एका भारतीयाचं स्मारक आहे, १९९७ मध्ये उभारलेलं. न्यायमूर्ती राधाबिनोद पाल. युद्धानंतर तोक्योत विजेत्या राष्ट्रांनी जपानी नेत्यांवर जो खटला चालवला, त्याच्या अकरा न्यायाधीशांपैकी ते एक. सगळे आरोपी निर्दोष असा निकाल देणारे एकटे तेच. त्यांचं म्हणणं असं की हा कायदाच गुन्ह्यानंतर बनवलेला, आणि न्यायासनावर फक्त जिंकलेले बसलेत. अणुबाँबबद्दलही त्यांनी सडकून लिहिलं. जपानी राष्ट्रवाद्यांना हे पाल फार आवडतात. पण त्याच निकालात, जपानी सैन्याने नानकिंगसारख्या ठिकाणी अत्याचार केल्याचा पुरावा जबरदस्त आहे, असंही पाल यांनी लिहून ठेवलंय. स्मारकांची हीच गंमत आहे, माणसाचा हवा तेवढाच तुकडा दगडात जातो. चौदा भारतीयांनी तिथे फोटो काढले. 'आपले' न्यायमूर्ती. आम्हीही काढला.

पाल यांना इथेच सोडू नका, कारण ते हिरोशिमात आपल्या आधी पोचलेले आहेत.

हिरोशिमाच्या आमच्या वाटाड्या बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. ६ ऑगस्ट १९४५ ला त्या आईच्या पोटात होत्या, आणि आई शहरात होती. एवढं त्यांनी एकदाच सांगितलं, पुन्हा विषय नाही. चालायला आमच्यापेक्षा चपळ. सुरुवात घुमटापासून. यान लेत्झेल नावाच्या चेक वास्तुशिल्पीची १९१५ ची इमारत, जिल्ह्यातल्या मालाच्या प्रदर्शनासाठी बांधलेली. बाँब इथून थोड्याच अंतरावर, सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला, सकाळचे सव्वाआठ. वर्षअखेरपर्यंत साधारण १ लाख ४० हजार माणसं मेली. हा सांगाडा पाडावा की ठेवावा याचा वाद वीस वर्षं चालला. रोज बघवत नाही, पाडा, असं म्हणणारे वाचलेल्यांतलेच होते. लहानपणी किरणोत्सर्ग भोगून १९६० मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारलेल्या एका मुलीची रोजनिशी पुढे आली, मुलांनी सह्या गोळा केल्या, आणि १९६६ मध्ये नगरसभेने ठराव केला : ठेवायचा. १९९६ मध्ये तो जागतिक वारसा झाला तेव्हा चीन आणि अमेरिका दोघांनी हात झटकले. कारणं वेगळी, पण दोघांनाही 'हा वारसा कुणाचा?' हाच प्रश्न पडला होता.

मोतोयासू नदीच्या काठाने जाताना हातात चक्राकार डफ घेऊन वाजवणारा एक पिवळ्या वस्त्रातला भिक्षू भेटला. आमचे वर्ध्याचे स्नेही एकदम थांबले आणि त्या डफाबरोबर मंत्र म्हणू लागले. आम्ही थक्क. म्हणाले, "लहानपणी सेवाग्रामच्या प्रार्थनेत रोज सुरुवात याने व्हायची." खरं आहे ते. या पंथाचे फुजी गुरुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले होते आणि तो जपानी मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत आला. मुंबईकरांनी वरळीच्या जपानी मंदिरात हाच ठेका ऐकला असेल. भिक्षू थांबला, दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला. भाषा नाही, काही नाही. जवळच गांधीजींचा अर्धपुतळा आहे, २०२३ मध्ये भारताने दिलेला. तिथेही रांग लावून फोटो.

आणि मग त्या समाधीपुढे. तांगे केन्झो यांनी रचलेली कमान, प्राचीन घराच्या छपरासारखी, मूळची १९५२ ची. तिच्यातून बघितलं की पाणी, ज्योत आणि पलीकडे घुमट एका रेषेत दिसतात. खाली दगडी पेटीत मृतांच्या नावांच्या वह्या. दर ६ ऑगस्टला त्या वर्षी गेलेल्या बाधितांची भर पडते. २०२४ पर्यंत ३ लाख ४४ हजारांहून जास्त नावं झाली होती. पेटीवर एक लेख कोरलाय. हिरोशिमा विद्यापीठातले इंग्रजीचे प्राध्यापक सायका तादायोशी यांनी तो रचला. मृतांना उद्देशून आहे : शांतपणे विसावा, कारण ही चूक पुन्हा करणार नाही.

कोण करणार नाही? लेखात कर्ता नाही.

नोव्हेंबर १९५२ मध्ये, स्मारक उभं राहून तीन महिने झाले असताना, पाल इथे आले. दुभाष्याकडून अर्थ ऐकून ते संतापले. बाँब जपान्यांनी टाकला नाही, मग जपान्यांनी माफी का मागायची? त्यांनी तो रिकामा कर्ता 'आम्ही जपानी' असा भरला. सायका यांनी त्यांना कळवलं की इथे सगळी मानवजात आहे. वाद मिटला नाही. १९८३ मध्ये महापालिकेने शेजारी खुलाशाचा फलक लावला. २००५ मध्ये एका तरुणाने हातोडी-छिन्नीने नेमका 'चूक' हा शब्द खरवडला.

पाल यांचा मुद्दा आम्हांला क्षुल्लक वाटत नाही. 'मानवजातीने चूक केली' म्हटलं की विमानातला माणूस, आदेशावर सही करणारा, यादी बनवणारा, सगळे गर्दीत विरघळतात. पण पाल यांचं उत्तरही अपुरं. हिरोशिमा हे लष्करी शहर होतं. १८९४ मध्ये चीनशी युद्ध सुरू झाल्यावर सम्राटाचा मुख्य तळ इथल्या किल्ल्यात हलवला होता; इथल्या उजिना बंदरातून पन्नास वर्षं सैन्यं परदेशी गेली. वाटाड्या बाईंनी आम्हांला मुद्दाम पश्चिमेच्या बाजूला नेलं. कासवाच्या पाठीवर उभा दगड : बाँबमध्ये मेलेल्या कोरियन माणसांचं स्मारक. जपानच्या राजवटीत इथे आलेले, आणलेले हजारो कोरियन त्या सकाळी शहरात होते. हे स्मारक १९७० मध्ये उद्यानाच्या बाहेर, नदीपलीकडे उभं राहिलं. आत यायला १९९९ उजाडलं. एकोणतीस वर्षं मानवजातीची हद्द नदीच्या अलीकडे संपत होती.

मग संग्रहालय. त्यातल्या वस्तूंबद्दल आम्ही बोलणार नाही. बाहेर पडण्याच्या जागेजवळ एक घड्याळ आहे. एक आकडा हिरोशिमाला किती दिवस झाले ते सांगतो, दुसरा जगातल्या शेवटच्या अणुचाचणीला किती दिवस झाले ते. हिरोशिमाचे महापौर १९६८ पासून प्रत्येक अणुचाचणी करणाऱ्या देशाला निषेधाचं पत्र पाठवतात. आपल्यालाही गेलं, १९९८ मध्ये. ११ मे १९९८, बुद्धपौर्णिमा. आधीच्या, १९७४ च्या चाचणीला तर 'हसणारा बुद्ध' हेच नाव चिकटलेलं. नारामधल्या बाईंचा प्रश्न आठवला का? त्यांनाही त्याच क्षणी आठवला, कारण त्या आमच्याकडे बघून नुसत्या मान हलवत राहिल्या.

त्या मे महिन्यात आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पेढे आले होते. तत्त्वज्ञान विभागातून आम्ही दोघे गेलो. आम्ही पेढा खाल्ला. दुसरा उचलला तोही आठवतो. इथे 'आम्ही' म्हणजे कोण, असं तुम्ही विचारणार. मीच. प्राध्यापकी 'आम्ही'त लपायला जागा बरी असते.

दुपारी उद्यानातल्या बाकावर बसलो असताना वाटाड्या बाईंनी पिशवीतून वही काढली. ज्यांना ज्यांना त्या फिरवतात, त्यांच्याकडून त्या समाधीवरचं वाक्य त्यांच्या भाषेत लिहून घेतात. मराठी त्यात नव्हती. झालं, चौदा जणांचा परिसंवाद सुरू. 'चूक' लिहायचं की 'अपराध'? आम्ही 'प्रमाद' सुचवला. बुद्धाच्या अखेरच्या उपदेशात अप्रमाद आहे, वगैरे. बँकवाले म्हणाले, प्रमाद कोण बोलतं हो घरात? चूक लिहा. ते मान्य झालं. मग कर्ता. 'आपण' लिहा, वर्धेकर म्हणाले. आम्ही आडवे आलो : 'आपण' फुकट मिळतो, आधी 'आम्ही' लिहा, तेही १९९८ ची तारीख आठवून. इंजिनिअर भडकले. त्यांच्या मते शेजारी तयार असताना आपण तयार न राहणं हीच चूक झाली असती. आवाज चढले. पलीकडची सहल वळून बघायला लागली.

तेव्हा आमच्या थोरल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "शाळेत मी मुलांकडून वहीत शंभर वेळा लिहून घ्यायचे. 'पुन्हा करणार नाही.' त्यात कर्ता कधीच नसायचा. लिहिणाऱ्याला माहीत असायचं." आणि त्यांनी वही ओढून घेऊन, शाळेतल्या त्या गोल, सुवाच्य अक्षरात, कर्त्याशिवाय वाक्य लिहून टाकलं.

बाईंनी खाली सह्या करायला सांगितलं. तेरा जणांनी केल्या. इंजिनिअरसाहेबांनी वही हातात घेतली, वाक्य दोनदा वाचलं आणि मिटून परत दिली. म्हणाले, "मला ती चूक वाटत नाही. खोटी सही करणार नाही." आम्ही त्यांचं म्हणणं मोडक्या इंग्रजीत बाईंना सांगितलं. थोडं सौम्य करून सांगावं असं वाटलं होतं, पण त्यांनीच 'जसंच्या तसं सांगा' म्हणून बजावलं. बाईंनी ते ऐकून घेतलं, त्यांना वाकून नमस्कार केला, आणि पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात जपानीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते आम्ही विचारलं नाही. ट्राम आली होती.

नागासाकीला आम्ही तिथून दोन दिवसांनी गेलो. तो भाग पुढच्या वेळी घेऊ. आज इंजिनिअरसाहेब स्वतः तिसऱ्या रांगेत बसलेत, तेव्हा चहाच्या वेळी प्रश्न आम्हांला एकट्याला विचारू नका.